क्लोरहेक्सिडीनची बाटली बंद करून त्रिफळा चालेल का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय 44. दोन महिन्यांपूर्वी हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून त्यांनी दात साफ करून घेतले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला. तोंड स्वच्छ वाटतंय म्हणून त्यांनी तो तसाच पुढं चालू ठेवला. आता खालच्या पुढच्या दातांवर आतून तपकिरी डाग पडलेत, जीभ काळपट दिसते आणि घरचे म्हणतात की आमटीला मीठ जास्त पडतंय. त्या विचारतात: "ही बाटली सोडून त्रिफळा, कडुनिंब नाहीतर हळदीच्या गुळण्या केल्या तर प्लाक आटोक्यात राहील का? ऑइल पुलिंग करू का? लिंबू-सोड्यानं किटण निघतं असा व्हिडिओ बघितला, ते खरं का? मिस्टरांना शुगर आहे, त्यांना हे चालेल का? आणि सासूबाई रोज मिश्री लावतात, तरी त्यांचे दात माझ्यापेक्षा घट्ट आहेत. त्यांना काय सांगू?"

ताई, बाटली आजच बंद करा. हळूहळू कमी करण्याची काही गरज नाही. डाग दाताच्या वरवर बसलेले असतात, आत मुरलेले नसतात. पुढच्या वेळी दात साफ करताना पॉलिश केलं की ते जातात. घरी राखुंडीनं किंवा कोळशाच्या पावडरीनं घासून ते काढायला जाऊ नका, डागाबरोबर दाताचा वरचा थरही खरवडला जाईल. जिभेचा काळपटपणा रोज हलक्या हातानं जीभ साफ केली की उतरतो. चवही परत येते, थोडे दिवस जातात इतकंच. क्लोरहेक्सिडीननं खारट चव बोथट होते, म्हणून तुमच्या हातून मीठ जास्त पडतंय. तोवर आमटीची चव दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

औषध वाईट नाही. त्याची मुदत ओलांडली गेली, एवढाच घोटाळा आहे. 0.2 टक्क्याचं 10 मिली, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे, फार तर चार, असा त्याचा नेम असतो. दात घासणं पूर्ण बंद ठेवलेल्या माणसांतही एवढ्या मात्रेनं प्लाकचा चिकट थर दातावर धरत नाही, हे हाराल्ड लो या दंतसंशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1970 सालीच दाखवलं. त्याचं बळ आहे चिकटून राहण्यात. हे औषध धनभारित असतं, दाताच्या पृष्ठभागाला आणि गालाच्या आतल्या त्वचेला धरून बसतं आणि पुढच्या बारा तासांपर्यंत थोडं थोडं सुटत राहतं. त्याच चिकटपणामुळं चहाचा रंगही ते दातावर धरून ठेवतं. गुळणी करून लगेच चहा घेतला की डाग जास्त वेगानं चढतात. बऱ्याच जणांत दातांवरचं दगडी किटणही या औषधानं जास्त साठतं.

आणखी एक गोष्ट बाटलीवर बारीक अक्षरात असते आणि कुणी वाचत नाही. पेस्टमधला फेस करणारा पदार्थ ऋणभारित असतो. दात घासल्याबरोबर क्लोरहेक्सिडीनची गुळणी केली की दोघं एकमेकांना निकामी करतात. मध्ये निदान अर्धा तास हवाच. हिरडीचं ऑपरेशन झाल्यावर, दाढ काढल्यावर, जबड्याला तारा बांधलेल्या असताना, म्हणजे जिथं ब्रश चालवताच येत नाही तिथं, या औषधाला घरगुती काढा हा पर्याय नाही. अशा वेळी डॉक्टरांनी दिलं तर बिनधास्त वापरा, आणि चिठ्ठीवर लिहिलेल्या तारखेला थांबा.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्लाक म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर. पाण्याच्या हौदाच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो, तसाच हा. हौदात औषध ओतून तो थर सुटत नाही, ब्रशनं घासावा लागतो. दात स्वच्छ घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं पातळ अस्तर दातावर बसतं आणि त्यावर जंतू वस्तीला येतात. थर तसाच राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमनं तो काही दिवसांत टणक होऊ लागतो. मग ते किटण डॉक्टरांच्या हत्याराशिवाय निघत नाही. 1965 साली लो यांनीच धडधाकट हिरड्यांच्या माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं परत सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणून काढा कुठलाही असो, तो ब्रशच्या मागून येणारा मदतनीस आहे. ताजा, पातळ थर धरू न देणं, हिरडीची सूज थोडी उतरवणं, एवढं काम तो करतो. दातांच्या फटीत आणि हिरडीच्या खाली गुळणीचं पाणी जेमतेम पोचतं.

या मर्यादेत त्रिफळा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात चौदाशेहून जास्त शाळकरी मुलांवर 0.6 टक्के त्रिफळा आणि 0.1 टक्के क्लोरहेक्सिडीन यांची तुलना झाली आणि प्लाक व हिरड्यांची सूज दोन्हींनी जवळपास सारखीच कमी केली. तिथलं क्लोरहेक्सिडीन मात्र तुमच्या बाटलीतल्यापेक्षा निम्म्या ताकदीचं होतं, हेही ध्यानात असू द्या. वनौषधींवरचे बाकीचे बरेच अभ्यास लहान आणि दोन-चार आठवड्यांचे आहेत. त्यामुळं "क्लोरहेक्सिडीनइतकंच गुणकारी" असं छापलेलं दिसलं की कुठल्या ताकदीशी आणि किती दिवस तुलना केली ते आधी विचारावं.

काढा असा करा. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खी आणा. राधानगरी-आजऱ्याकडचा हिरडा मिळाला तर उत्तमच. बिया काढून टाकल्यावर तिन्ही समान वजनाची घ्या आणि दळून वस्त्रगाळ करा. तयार चूर्ण घेतलंत तर डब्यावरची तारीख बघा, जुनं चूर्ण नुसतं तुरट धूळ असतं. एक सपाट चहाचा चमचा चूर्ण, म्हणजे साधारण 3 ग्रॅम, रात्री 200 मिली पाण्यात भिजत घाला. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. लोखंडी कढईत भिजवलं तर त्रिफळ्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून पाणी शाईसारखं काळं होतं. सकाळी उकळी आणून मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा, पाणी 150 मिलीच्या आसपास उरेल. निवलं की मलमलच्या फडक्याच्या दोन घड्यांतून गाळा. एकदाच चहाच्या गाळणीतून काढलेल्या पाण्यात चोथ्याची रवाळ कच राहते, ती दातांच्या फटीत अडकते आणि हिरडीला टोचते. बरेच जण "त्रिफळ्यानं हिरड्या दुखल्या" म्हणून सोडतात, त्यामागं पुष्कळदा हेच असतं.

एका वेळी 20 ते 30 मिली तोंडात घ्या, एक मिनिट गालांनी जोर देऊन दातांच्या फटींतून फिरवा आणि थुंका. घशाशी घोळवून खळखळ आवाज काढण्यानं दातांना काही लाभ नाही. साखर, मध, गूळ काही घालायचं नाही. एवढा काढा तुम्हा दोघांना दिवसातून दोनदा पुरतो. त्याच दिवशी संपवा, फ्रीजमध्ये फार तर 24 तास. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलेला काढा संध्याकाळपर्यंत आंबतो. कडेला फेस आला किंवा आंबूस वास आला की ओतून द्या. पावसाळ्यात चूर्णाच्या गुठळ्या होतात आणि बुरशीचा कुबट वास येतो, तेव्हा एका वेळी महिनाभर पुरेल इतकंच दळा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा.

वेळेकडं नीट लक्ष द्या. दात घासल्यावर लगेच काढा घेऊ नका, कारण पेस्टमधलं फ्लोराइड दातावरून धुऊन जातं. घासून झालं की फेस थुंका आणि तोंड फार खळखळून धुऊ नका. काढा दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळच्या चहानंतर घ्या. आवळ्यामुळं तो आंबट असतो, म्हणून त्यानंतर अर्धा तास ब्रश लावायचा नाही. आणि डागांचा धोका इथंही आहे. टॅनिन चहात असतं तसं त्रिफळ्यातही असतं. तीन आठवडे घ्या, मग आठवडाभर सोडा आणि आरशात बघा. कात घातलेल्या गुळण्या आणि डाळिंबाच्या सालीचा काढा यांचे डाग पडतातच. वापरलाच तर चार-पाच दिवसांच्या वर नको.

हळदीच्या गुळणीनं हिरड्यांची सूज उतरते, पण प्लाक धरू न देण्यात क्लोरहेक्सिडीन तिच्या पुढं राहिलं. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते, त्यामुळं चमचाभर हळद कालवून केलेल्या गुळणीत नक्की किती पोटात आणि किती दातांवर गेलं ते सांगता येत नाही. ब्रशही पिवळा होतो. कडुनिंबाच्या आठ-दहा पानांचा कपभर काढा जंतूंवर काम करतो, पण त्याच्या कडूपणामुळं चौथ्या दिवशी माणूस टाळाटाळ करतो, आणि रोज न होणारा उपाय कितीही गुणी असला तरी दातांना पुरत नाही. काडी वापरायची तर करंगळीएवढी, ओली, टोक चावून कुंचल्यासारखं मऊ केलेली. तरी दाढांच्या आतल्या बाजूला ती नीट पोचत नाही. कडुनिंबाचं तेल मात्र तोंडात घालू नका. लहान मुलांच्या पोटात गेलं तर ते जीवघेणं ठरू शकतं.

लवंगेचं तेल न पातळ करता हिरडीला लावलं की हिरडी भाजते, पांढरी पडते. दोन लवंगा कपभर गरम पाण्यात टाकून ते पाणी कोमट झाल्यावर फिरवलं तर चालेल, पण दुखणं दबतं म्हणून डॉक्टरांकडं जाणं लांबवू नका. तुरटीचंही असंच. ती हिरडी आकसून रक्त थांबवते, प्लाक मात्र जागेवरच. रक्त ही हिरडीची हाक आहे, ती तुरटीनं बंद करण्यात फायदा कुणाचाच नाही. मिठाचं पाणी, ग्लासभर कोमट पाण्याला अर्धा चमचा मीठ, सुजलेल्या हिरडीला आराम देतं, तेवढ्यापुरतं ठेवा. कोरफड लावायची तर पान कापल्यावर पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्या आणि आतला पारदर्शक गरच घ्या.

ऑइल पुलिंग करायचं असेल तर करा, पण ब्रशच्या जागी नाही. खोबरेल किंवा तिळाचं तेल 10 मिली, सकाळी रिकाम्या पोटी, दहा मिनिटं. ते पातळ आणि दुधाळ झालं की कागदात थुंकून कचऱ्याच्या डब्यात टाका. बेसिनमध्ये थुंकलं तर थंडीत खोबरेल गोठतं आणि पाइप तुंबतो. ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून लहान मुलांना आणि गिळताना अडखळणाऱ्या वयस्करांना हे नकोच. "शरीरातली विषं तेलात उतरतात" हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल, ते सोडून द्या.

लिंबू-सोड्याच्या व्हिडिओबद्दल मी कडक शब्दांत सांगते, तो प्रयोग करू नका. लिंबाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोन-अडीचच्या आसपास आणि दाताचं कवच साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. किटण जागेवर राहतं आणि दात मात्र झिजतो. सुरुवातीला तो पांढरा वाटतो, महिन्या-दोन महिन्यांत गार पाण्यानं शिणशिणायला लागतो. गेलेलं कवच परत येत नाही.

तुमच्या घासण्यात आणि काढ्यात किती दम आहे ते स्वतःच तपासा, त्याला खर्च नाही. रात्री दात घासल्यावर ओठांना व्हॅसलीन लावा, अंगावर जुना टॉवेल घ्या. खाण्याच्या लाल रंगाचे दोन-तीन थेंब चमचाभर पाण्यात मिसळून अर्धा मिनिट तोंडात फिरवा, थुंका आणि एकदा साध्या पाण्यानं चूळ भरा. मग मोबाइलच्या टॉर्चमध्ये आरशात बघा. स्वच्छ दात रंग धरत नाही, प्लाक धरतो. बहुतेकांच्या तोंडात रंग चार ठिकाणी सापडतो: हिरडीला लागून एक बारीक रेघ, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, शेवटच्या दाढेची मागची बाजू आणि दोन दातांमधली फट. फोटो काढून ठेवा. तीन आठवडे काढा घेतल्यावर पुन्हा हेच करा. रंग तितकाच असेल तर चूर्ण बदलू नका, ब्रशचा हात बदला. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, 45 अंशांत धरा, जागच्या जागी बारीक हलवा आणि मग दाताच्या टोकाकडं ओढा. दोन मिनिटं पूर्ण. फटीत फ्लॉस, म्हणजे दातांचा दोरा, किंवा छोटा इंटरडेंटल ब्रश रात्री एकदा. पहिले आठ-दहा दिवस फ्लॉसनं रक्त येईल, घाबरून थांबू नका. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दाखवा. पेस्ट आयुर्वेदिक असो वा साधी, ट्यूबवर फ्लोराइड 1000 ते 1500 पीपीएम लिहिलेलं हवं.

आपल्या भागातली एक समजूतही इथंच मोडायला हवी. साखरेऐवजी गूळ घेतला म्हणून दात वाचत नाहीत. गुळातही मुख्यतः साखरच असते, वर तो दाताला चिकटून राहतो. गुळाचा चहा दिवसातून चारदा थोडा थोडा पिणं दातांना एकदाच पोटभर गोड खाण्यापेक्षा महाग पडतं.

मिस्टरांना काढा चालेल, फक्त गिळायचा नाही. अल्कोहोल असलेला तयार माउथवॉश त्यांच्यासाठी नको, शुगरमध्ये तोंड आधीच कोरडं पडतं. त्यांचा खरा प्रश्न हिरडीच्या खाली आहे. वाढलेल्या साखरेनं हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजारानं साखर ताब्यात राहत नाही. त्यांच्या प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटलीय ते मोजून घ्या. दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर डेंटल कॉलेजात जा, जिल्ह्यात नवे पारगावला आहे. तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि शुल्क सहसा कमी असतं. हिरडीतून पू येणं, दात हलणं, दात लांब दिसू लागणं, यातलं काहीही असेल तर काढ्यात दिवस घालवू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांचे दात घट्ट आहेत ते मिश्रीमुळं नव्हे. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं आत आजार असला तरी रक्त येत नाही आणि हिरडी "चांगली" दिसते. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं 1992 सालीच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण बघायला येतंय? त्यांच्याशी भांडू नका. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे त्या म्हणत असतील, तर ते खोटंही नाही, निकोटिननं आतडं हलतं. म्हणून आधी पोटाची सोय करा: रात्री कोमट पाण्याबरोबर इसबगोल, सकाळी गरम पाणी, चालणं. मग दिवसातली सगळ्यांत बिनगरजेची खेप पहिल्यांदा बंद करायची, सकाळची शेवटी. हाताला चाळा हवा असेल तर बोटानं चिमूटभर वस्त्रगाळ त्रिफळा हिरडीवरून फिरवू दे, थोडे दिवस. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, तिथं मराठीत बोलायचं म्हणून सांगा.

आणि या रविवारी त्यांना उजेडात बसवून खालचा ओठ बाहेर ओढून बघा, मग दोन्ही गाल, मग जिभेच्या कडा आणि जिभेखाली. मिश्री जिथं लावतात तिथंच बारकाईनं बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेली जखम, हाताला लागणारी कडक गाठ, तिखट लागून होणारी आग किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं एक जरी सापडलं तर त्याच आठवड्यात त्यांना दाखवायला घेऊन जा.